गळ्यातला उजेड

"तुमच्या आई बोलल्या," स्कॅन विभागातल्या मुलाणीबाई म्हणाल्या. "इंजेक्शन दिल्यावर तासभर अजिबात बोलायचं न्हाई म्हणून सांगितलं हुतं की ओ ताई. आता डॉक्टर मलाच विचारणार."

"माझी आई बोलत नाही," मी म्हटलं.

"आता बोलत नसतील. पण आत बोलल्यात. चित्रात दिसतंय."

"तसं नाही. ती बोलतच नाही. अकरा वर्षं झाली."

मुलाणीबाईंनी एका हातातला रबरी मोजा अर्धा काढला होता, तो तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग काचेच्या दाराआड खुर्चीवर बसलेल्या आईकडे. आई पदर नीट घेऊन, मांडीवर हात ठेवून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं, जे मी कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. लग्नघरून जेवून आलेल्या बाईसारखी ती दिसत होती. आणि आदल्या रात्रीपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

कोल्हापूरच्या त्या हॉस्पिटलात आम्ही देवगडहून आलो होतो. आईच्या अन्ननलिकेत गाठ निघाली होती. आधी भाकरी अडकायला लागली, मग भात, आणि शेवटी पेजसुद्धा छातीशी थांबून परत यायला लागली. कणकवलीच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं आणि कोल्हापूरला पाठवलं. तिथे पहिल्यांदा तो पेट स्कॅन झाला.

डॉक्टर नेर्लेकर सावकाश बोलणारे होते. त्यांनी मला आत बोलावून पडद्यावर आईचं शरीर दाखवलं. काळोखात एक बाई उभी असावी आणि तिच्या आत ठिकठिकाणी दिवे लावलेले असावेत, तसं ते दिसत होतं.

"आपण शिरेतून साखर देतो," ते म्हणाले. "साधी नाही, किरण सोडणारी. शरीरात जिथे जास्त काम चालू असतं, तिथे ती ओढली जाते. मेंदू ओढतो, हृदय ओढतं. आणि कॅन्सर तर अधाशासारखा ओढतो. हा बघा."

छातीच्या मधोमध शेंदरी निखारा होता. पण डॉक्टरांचं बोट वर सरकलं, गळ्याशी थांबलं. तिथे तांदळाच्या दाण्यांएवढे दोन उजेड होते, दोन्ही बाजूंना, अगदी सारखे.

"हे आवाजाचे स्नायू. माणूस बोलत राहिला की ते साखर खातात. म्हणून आम्ही बोलू नका सांगतो. तुमच्या आई त्या खोलीत बराच वेळ बोलल्यात."

मी परत तेच सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"मग मला दुसरी शंका घ्यावी लागेल. तिथे आजार असेल तर तो असा दोन्हीकडे सारखा सहसा नसतो. पण बघून घेऊ."

दुसऱ्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून आईचा गळा बघितला. काहीही नव्हतं. "पडदे छान हलतायत," ते म्हणाले. "आवाज काढायला यांना काहीच अडचण नाही."

ते मला माहीत होतं. आई मुकी नव्हती. आईने बोलणं टाकलं होतं.

आम्ही गाबीत, दर्यात मासेमारी करणारे. आमची वाडी खाडीच्या तोंडाशी. वडील मी शाळेत असतानाच गेले, मग होडी माझ्या भावाने, जयवंताने घेतली. धुक्याच्या दिवसांत होड्या परत यायच्या वेळी बायका तरीवर, होड्या लागतात तिथे, जाऊन हाका मारायच्या. दिसत काहीच नाही, तेव्हा आवाजाच्या रोखाने होडी आत आणायची. आईची हाक सगळ्यांत लांब जायची. पलीकडच्या गावातले लोक चेष्टेने म्हणायचे, द्वारकाबायेने जेवायला बोलावलं की आमचीपण पोरं उठतात.

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की अंगणातली तुळस दिसत नव्हती. मी चुलीपाशी होते. मी आईची हाक ऐकली. "जयवंताऽ, हयसून ये रेऽ." पण ती नेहमीच्या जागेवरून नव्हती, खडपाच्या, म्हणजे काठच्या खडकांच्या, बाजूने होती. मला वाटलं, आई आज तिकडे कशाला गेली? तेवढंच वाटलं. मी फुंकणी घेऊन चूल फुंकत राहिले.

होडी खडपावर फुटली. जयवंताबरोबर आमचा चुलतभाऊ बाबल होता, तो पोहत आला. जयवंत दुसऱ्या दिवशी सापडला. बाबल वाडीभर सांगत होता, काकीचा आवाज आला म्हणून आम्ही वळलो. त्याचा वाईट हेतू नव्हता. पण सगळ्यांनीच ती हाक ऐकली होती. बायका आईच्या तोंडावर काही बोलल्या नाहीत. पाठीमागे बोलल्या.

आईने कुणाला काही उत्तर दिलं नाही. तिरडी उचलली तेव्हासुद्धा तिच्या तोंडून आवाज आला नाही, नुसतं तोंड उघडलं. त्यानंतर कधीच नाही.

मी देवगडला एसटीच्या आरक्षणाच्या खिडकीवर काम करायची. दिवसभर लोकांशी बोलून घसा बसायचा, आणि घरी आल्यावर एक शब्द नाही. आई हातांनी सांगायची, भांडं वाजवून बोलवायची. पावस गावात माझं लग्न ठरत आलं होतं. आईला त्या गप्प घरात एकटी कशी सोडायची म्हणून ते राहिलं. मग पुढची स्थळंही राहिली. मला त्याचं काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगायची, आणि बरीच वर्षं ते खरंही होतं.

त्या स्कॅनच्या दिवशी ते खरं राहिलं नाही. लॉजच्या खोलीत मी दार लावून घेतलं आणि आईसमोर बसले.

"कोणाशी बोललंस?"

आईने मान फिरवली.

"माझ्याशी नाय बोलणस, आणि थय भितीशी बोलतंस? अकरा वर्षां तुझा सगळा करतंय मी. एकदा तरी माझा नाव घेतलंस काय गो?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग तिने उशीखालून फणी काढली आणि हळूहळू केस विंचरायला घेतले.

पुढचे दोन महिने आम्ही कोल्हापुरातच राहिलो. रोज किरणांचा शेक, आणि मधून मधून सलाईनमधून औषध. आईचे केस गेले, तोंड आलं, अंगावरची कातडी सैल झाली. मग हळूहळू पेज उतरायला लागली. एका दिवशी तिने मऊ भात खाल्ला आणि मी लॉजच्या जिन्यात जाऊन रडले. डॉक्टर म्हणाले, शेकाची सूज उतरेपर्यंत थांबू, मग परत पेट स्कॅन करू. निखारा विझला असेल तर ऑपरेशन करून तेवढा भाग काढून टाकता येईल.

आम्ही वाडीवर परतलो. आणि आईचं वेगळंच काही सुरू झालं. ती रोज मला खुणेने विचारायची, कधी जायचं? मी आधी समजले की तिला बरं व्हायची घाई आहे. मग लक्षात आलं की तिला डॉक्टरांची नाही, त्या खोलीची ओढ आहे. दोन्ही तळवे जोडून गालाशी न्यायची, मग दंडावर सुई टोचल्याची खूण करायची. आडवं पडायचं, सुई, ती खोली. हे करताना तिचे डोळे चमकायचे. निघायच्या आदल्या दिवशी तिने ट्रंकेतून मोरपंखी लुगडं काढलं. जयवंताने पहिल्या पैशातून आणलेलं. ते तिने अकरा वर्षांत अंगाला लावलं नव्हतं.

हॉस्पिटलात पोचल्यावर मी मुलाणीबाईंना बाजूला घेतलं. म्हटलं, मला आईबरोबर आत बसू द्या.

"न्हाई जमत ताई. इंजेक्शननंतर त्यांच्या अंगातनं किरण येत असत्यात. आम्हीपण कामापुरतंच जातो."

"मग ती कोणाशी बोलते ते मला कळायला हवं."

"खरं सांगू का? मलाबी कळायला हवं," मुलाणीबाई म्हणाल्या. "गेल्या खेपेला माझ्या डोक्यातनं गेलंच न्हाई ते."

त्यांच्या टेबलावर आतल्या खोलीचं चित्र दिसायचं. पेशंटला काही लागलं तर कळावं म्हणून आतला आवाज ऐकायला एक छोटा स्पीकरही होता, पण एसीची घरघर कानाला त्रास देते म्हणून त्या तो बारीक करून ठेवायच्या. त्या दिवशी त्यांनी मला शेजारी स्टुलावर बसवलं.

इंजेक्शन झालं. मुलाणीबाई आईला म्हणाल्या, "मावशी, डोळं मिटून पडायचं. तोंडातनं शब्द काढायचा न्हाई." आईने शहाण्या मुलीसारखी मान हलवली. दिवा मंद केला. दार लागलं.

पडद्यावर आई पांघरूण घेऊन पडली होती. शेजारी भिंत, भिंतीला टेकून एक रिकामी खुर्ची. बराच वेळ काही झालं नाही. मुलाणीबाईंनी स्पीकर मोठा केला. नुसती घरघर. ऐकता ऐकता ती घरघर मला दर्याच्या आवाजासारखी वाटायला लागली, लांबून येणाऱ्या. आणि मग आई बोलली.

"इलंस?"

मुलाणीबाईंनी माझा हात पकडला. मला तो आवाज ओळखू यायला वेळ लागला. गंज चढलेली कडी उघडावी तसा होता, पण आईचाच.

"थंडी वाजता काय रे झिला?"

मग ती थांबली. समोरचा माणूस बोलत असताना आपण जेवढं थांबतो तेवढी. तिची मान किंचित खुर्चीकडे वळली होती.

"होय. ह्याच नेसलंय. तूच आणलेला." परत थांबली, आणि हसली. आई हसली. "गप रे, फटकिऱ्या."

मी पडद्यात डोळे घालून खुर्चीकडे बघत होते. खुर्ची रिकामीच होती. पण आई मध्ये थांबायची, तेव्हा स्पीकरमधली घरघरही थांबायची. मी ते मुलाणीबाईंना खुणेने दाखवलं. त्यांनी एसीच्या दिव्याकडे बघितलं. तो चालूच होता.

"छातीतला ता बरा होता म्हणतत," आई म्हणाली. तिचा आवाज पडला होता. "मी काय करू? वासंती खूप धावता माझ्यासाठी." बराच वेळ शांतता. "नाय, तसा नाय रे. येतंय मी. तुका सांगलंय मा, येतंय." परत शांतता, या वेळी लांब. "बरा. ऑपरेशन नाय करूचा. मी हातान नाय म्हणान सांगतंय तेंका. मगे तू न्हेशीत मा माका?"

मी स्टुलावरून उठले होते. काय करायला उठले ते मला माहीत नव्हतं. मुलाणीबाई मला धरून होत्या.

"भायर आसा ती," आई म्हणाली. "आयकता."

मी बाहेर ऐकत बसलेय हे आईला कुणी सांगितलं नव्हतं. ती दाराकडे बघतही नव्हती.

घरघर थांबली. आणि स्पीकरमधून माझं नाव आलं.

"वासंती."

तो जयवंताचा आवाज होता. मी शपथेवर सांगते. होडी लांब असताना, पाण्यावरून यायचा तसा, थोडा ओला. माझा सख्खा भाऊ, जो गेल्यापासून घरात कुणी मोठ्याने हसलं नव्हतं.

"वासंती."

आमच्याकडे पोराला चालता येण्याआधी एक गोष्ट शिकवतात. माणूस डोळ्यांना दिसल्याशिवाय हाकेला ओ द्यायची नाही. मला ते त्या क्षणी आठवलंच नाही. मी तोंड उघडलं. ओ म्हणायला श्वाससुद्धा घेतला.

"वासंती, ओ देव नको!"

पडद्यावर आई उठून बसली होती. पांघरूण खाली पडलं होतं. ती खुर्चीकडे बघत होती आणि ओरडत होती, त्या जुन्या आवाजात, खाडीपलीकडे जायच्या. "तिका नको! तिका हाक मारू नको! वासंती, ओ देव नको गो, तोंड दाब! तोंड दाब!"

मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. स्पीकर खरखरला, आणि मग एसीची साधी घरघर परत सुरू झाली. मुलाणीबाई धावत आत गेल्या. मागाहून मी त्यांना विचारलं, तुम्हाला तो दुसरा आवाज ऐकू आला का? त्या म्हणाल्या, मी फक्त मावशींचंच बोलणं ऐकलं. पण त्यानंतर त्या खोलीतली ती खुर्ची त्यांनी बाहेर काढून ठेवली.

स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले होते, संध्याकाळपर्यंत आईला अगदी चिकटून बसू नका. हॉस्पिटलच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी सिमेंटचे दोन बाक होते, समोरासमोर. एकावर आई, दुसऱ्यावर मी. मला तिला मिठी मारायची होती आणि मधे दहा पावलांची फरशी होती.

"तो जयवंत नाय," आई म्हणाली. दर शब्दानंतर ती आवंढा गिळत होती.

"तुका काय ठावक?"

"जयवंतान तुका कधी वासंती म्हटल्यान काय?"

मी आठवून बघितलं. कधीच नाही. मी जन्मले तेव्हा एवढीशी होते म्हणून तो मला सुंगट म्हणायचा. कोलंबी. शाळेत, वाडीत, माझ्या मैत्रिणींसमोर, मी चिडून रडले तरी सुंगटच.

"माझ्याशी बोलता होतो तवा समाजला नाय माका," आई म्हणाली. "सगळा तेच्यासारख्याच. हसणा पण. पण तुका नावान हाक मारल्यान, आणि माझ्या अंगार काटो इलो. म्हटला, ह्यो तोच."

"तोच कोण?"

आई फरशीकडे बघत राहिली. मला वाटलं, बोलणं परत संपलं.

"त्या सकाळी मी हाक मारूक नाय," ती म्हणाली.

"कधी?"

"जयवंत गेलो त्या सकाळी. मी तरीर पोचूकच नव्हतंय. माझी वहाण तुटली, ती बांधूक वाटेत बसलंय. आणि खडपासून माझी हाक इली. माझोच आवाज. 'हयसून ये रे' म्हणान. मी थयच बसान आयकलंय." तिने आपल्या गळ्याला हात लावला. "मी धावलंय, वरडाक गेलंय, 'वळू नको' म्हणान. पण आवाज फुटाक नाय. जसो कोणी काढून न्हेलो. तवसर होडी फुटली."

"मगे सांगलंस कित्याक नाय? लोक काय काय बोलले तुका!"

"कोण ऐकतला? सगळ्यांनी माझोच आवाज आयकलल्यांनी. तू पण आयकलंस."

मी मान खाली घातली.

"मगे माकाच वाटाक लागला, मीच मारलेली आसतलंय. माका आठवणा नसतला. जो आवाज माझो की दुसऱ्याचो ताच माका ठावक नाय, तो तोंडातसून कसो काढू? परत कोणी तरी वळात तेच्याकडे." तिने माझ्याकडे बघितलं. "तू वळशीत म्हणान भियालंय मी. म्हणान तुझा नाव घेवक नाय."

दहा पावलं लांब बसून आम्ही दोघी रडलो. मधे एक झाडूवाली आली, तिने आमच्याकडे बघितलं आणि दोन्ही बाक सोडून झाडत गेली.

डॉक्टर नेर्लेकरांनी दुसऱ्या दिवशी चित्र दाखवलं. छातीतला निखारा विझला होता. त्या जागी फिकट धूसर काहीतरी होतं. ते शेकामुळे आलेल्या सुजेचं, असं ते म्हणाले. "इतका चांगला प्रतिसाद कमी वेळा दिसतो." मग त्यांनी गळ्यावर बोट ठेवलं आणि हसले. तिथे दोन्ही बाजूंना मागच्यापेक्षा मोठा उजेड होता. "या वेळीही ऐकलं नाही तुमच्या आईंनी."

"या वेळी ती माझ्याशी बोलली," मी म्हटलं.

ऑपरेशन करायचं म्हणून आईनेच सांगितलं, मोठ्याने, सर्जनच्या तोंडावर. सर्जन म्हणाले, आवाजाची नस तिथून जाते, एखादवेळी आवाज बसेल, कायमचासुद्धा. आई म्हणाली, "बसांदे."

आणि तो बसला. अर्धा शब्द, अर्धा वारा, असं झालं ते. शब्दाच्या शेवटाला ती पोचेपर्यंत दम संपायचा. पण आई बोलायची. अकरा वर्षांचं सगळं बोलायची, शेजारणीच्या म्हशीपासून ते माझ्या वडिलांच्या दारूपर्यंत. बाबल एकदा येऊन पायाशी बसला, त्याच्याशीही बोलली. मला ती "बाय माझे" म्हणायला लागली. लहानपणी कधी म्हणाली नव्हती. एकदा मी म्हटलं, तुझो आवाज गेलो गो. ती हसली. म्हणाली, "बरा झाला. पयलो कोणाकय जमत होतो. ह्यो फक्त माझो."

वर्षाने तपासणीसाठी परत गेलो. आजार उलटला नाही ना, ते बघायला तोच स्कॅन, तीच खोली. आईला आत जायचं नव्हतं. मी म्हटलं, मी बाहेर ऐकत बसते. ती म्हणाली, "मी तोंड उघडूचंय नाय. तू पण नाय." मुलाणीबाई दुसऱ्या पेशंटला सुई लावायला गेल्या होत्या. मी एकटीच टेबलाशी बसले, स्पीकर मोठा करून.

पडद्यावर आई उताणी पडली होती. ओठ मिटलेले, हात छातीवर. घरघर चालू होती. बराच वेळ तसाच गेला. माझे खांदे सैल पडले. मनात आलं, संपलं ते.

मग घरघर थांबली. स्पीकरमधून कुणीतरी घसा खाकरला. परत खाकरला. एखादं पोर नवा शब्द बोलायला बघतं आणि जमत नाही, तसा नुसताच वारा आला. आणि मग, अर्धा शब्द, अर्धा वारा:

"बाय माझे."

मी पडद्याकडे बघितलं. आईचे ओठ हलले नव्हते.

"बाय... माझे." या वेळी जरा नीट जमलं होतं.

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि मुलाणीबाई येईपर्यंत तशीच बसून राहिले.

डॉक्टर नेर्लेकर खुशीत होते. कुठेही काही नव्हतं. छाती स्वच्छ, यकृत स्वच्छ. "आणि हे बघा," ते म्हणाले, गळ्यावर बोट ठेवून. तिथे दोन्ही बाजूंना काळोख होता. "या वेळी एक शब्दसुद्धा बोलल्या नाहीत. शाबास म्हणून सांगा त्यांना."

मी हो म्हटलं.

परतीच्या एसटीत फोंड्याचा घाट उतरल्यावर आईने माझ्याकडे न बघता विचारलं, "आयकलंस?"

"होय."

"ओ दिलंस?"

"नाय."

"मी पण नाय," ती म्हणाली, आणि खिडकीची काच वर ओढली.

त्यानंतर आई सात वर्षं जगली. गेली ती म्हातारपणाने, झोपेत. त्या सात वर्षांत आम्ही एकमेकींना एकदाही हाक मारली नाही. ती घरामागच्या परड्यात असली आणि मी माजघरात, तरी उठून तिच्यापर्यंत जायचं. खांद्यावर हात ठेवायचा. हाताला ऊब लागली, की मग बोलायचं.